वेणी

"हा नको. यात ती फारच नीटनेटकी दिसते," माझी बॉस हेलन म्हणाली.

लंडनमध्ये, गरीब मुलांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेच्या प्रसिद्धी विभागात माझ्या इंटर्नशिपचा तो पहिलाच दिवस. स्क्रीनवर जव्हारच्या पाड्यावरची मुलगी होती. चापूनचोपून घातलेली वेणी, लाल रिबिनी, तोंडाला पावडर. फोटो काढायचा म्हटल्यावर आपल्याकडे प्रत्येक आई हेच करते.

"अशा मुलीला पैसे कोण देईल? तुला त्यांची भाषा येते, तिच्या आईला व्हिडिओ कॉल लाव. केस विस्कटलेले हवेत. डोळ्यांत पाणी असेल तर उत्तम."

मला शिसारी आली. तरी फोन लावला.

"फोटो चांगला आला ना, म्याडम?" आईने विचारलं. मागे, नुकतीच खेळून आलेली पोरगी झिंज्या पिंजारून उभी होती.

"हेच! असंच हवंय!" हेलन टाळी वाजवत म्हणाली.

"पुन्हा काढायचाय," मी आईला सांगितलं.

"अगोबाई! थांबा, वेणी घालते."

"काय म्हणतेय?" हेलनने विचारलं.

"थांबायला सांगतेय," मी म्हणाले आणि फोनकडे वळले. "सावकाश घाला, ताई. रिबिनीपण बांधा."