पट्ट्यावरचा माल

"मी सांगतो तेवढं कर. वर कोळसाच चढव."

सूनबाईने हातमोजे चढवता चढवता सासऱ्याकडे पाहिलं. "बाबा, आजची परीक्षा लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांची आहे."

"परीक्षा माझी आहे. मागच्या वेळी तुझ्या त्या गोळ्यांनी चारचौघांत माझं नाक कापलं. दुपारच्या आत वाफेचा दाब बसला. आज बसला तर या वीजघराला कुलूप. तू घरी, तुझा नवरा घरी, मी तर घरीच. बसू तिघं एकमेकांची तोंडं बघत."

"तेव्हा गोळ्या भिजलेल्या होत्या. या खेपेला मी स्वतः..."

"सूनबाई!"

"बरं, आज पास झालो. पुढे रोज गोळ्याच जाळायच्यात ना? तेव्हा काय करणार?"

"तेव्हाचं तेव्हा. एकदा कुलूप लागलं की किल्ली शोधायलाही कुणी येत नाही."

ती गप्प झाली आणि तरातरा इंधनाच्या आवाराकडे निघून गेली. त्याला हायसं वाटलं. वाद घालते तोवर तिला पटलेलं नसतं, गप्प झाली की पटलं, असा त्याचा इतक्या वर्षांचा अंदाज.

आवारातून वर दोन पट्टे येत. एक कोळशाचा, एक गोळ्यांचा. दोन्ही पत्र्याने झाकलेले, दोन्ही बॉयलरच्या डोक्यावरच्या बंद हौदात रिकामे होणारे. कुठला चालू आहे हे एकट्या सूनबाईला ठाऊक, कारण बटणं तिच्या हाताखाली.

आणि आग त्याच्या हाताखाली. म्हणून त्याला सगळे भट्टीदादा म्हणत.

*

मुख्य इंजिनिअर, म्हणजे मोठ्या बाई, आल्या. सोबत मुख्य कचेरीची दोन माणसं. तिघांनी दाबाच्या घड्याळासमोर खुर्च्या मांडल्या.

"संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत काटा लाल खुणेच्या वर राहिला पाहिजे," बाई म्हणाल्या. "खाली आला तर माझ्या हातात काही नाही, दादा."

"येणार नाही."

काटा. खूण. काटा.

त्याने फोन उचलला. तिघांचे कान इकडेच.

"माल चाललाय ना?"

"चाललाय, बाबा."

"नीट?"

"तुम्ही तुमची आग सांभाळा. माझा पट्टा मी सांभाळते."

पोरीची जीभ तिखट, पण कामाला चोख. तो भट्टीच्या झरोक्याशी गेला आणि निळी काच डोळ्यापुढे धरली. आत जाड, पिवळी, मधूनच लाल होणारी ज्वाळा. जन्मभर जिच्या तोंडाकडे पाहिलं, तीच. कोळशाची. ओळख पटायला क्षणही लागला नाही.

*

दुपारी काटा घसरला.

खुर्च्या पुढे सरकल्या. कुणीतरी घसा खाकरला. भट्टीदादाने कुणाकडे पाहिलं नाही. कोळसा हलक्या प्रतीचा आलेला दिसतोय, त्याने मनात म्हटलं. भट्टीतल्या फिरत्या जाळीवरचा थर जाड केला. जाळी जोरात पळवली. खालून हवा वाढवली, मग वरून, मग पुन्हा खालून. काटा खुणेला टेकला. टेकून थरथरला.

"चल," तो दात-ओठ खाऊन पुटपुटला. "चल की, बये."

घामाने सदरा पाठीला चिकटला. तो झरोक्यापासून हलला नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला.

काटा चढला.

राख ओढणारा गडी फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता. "दादा, कोळशाची रोज ढिगाने पडते, आज राख काही पडेना. घरी जाऊ का?"

"फावडं धर. आणि नजर लावू नकोस."

*

भोंगा झाला तेव्हा काटा खुणेच्या बराच वर होता. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. कचेरीची माणसंही हसली. सूनबाई तोंडावर रुमाल बांधूनच जिना चढून वर आली आणि दाराशी थांबली.

"खरं सांगते, मला खात्री नव्हती," मोठ्या बाई त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "उद्या कोळशाचा पट्टा कापायला माणसं येतील. यापुढे फक्त गोळ्या. नदीपलीकडच्या वीजघराचे बॉयलरही याच भरवशावर बदलतोय. तिथल्या दवाखान्याची वीज त्यांच्यावरच आहे."

भट्टीदादाने दाराशी उभ्या सूनबाईकडे पाहिलं. तेव्हाचं तेव्हा म्हणायला आता जागाच उरली नव्हती.

"बाबा, घरी चला," दारातून सूनबाई म्हणाली. "दमलात."

"थांब." त्याने हात सोडवून घेतला. "बाई, पट्टा कापू नका. आज जळला तो कोळसा."

टाळ्यांसाठी उचललेला कुणाचा तरी हात तसाच राहिला.

"सकाळी मीच सांगितलं हिला. हिचा दोष नाही, हिने फक्त माझं ऐकलं. मला काढायचं तर काढा, पण दुसऱ्यांच्या बॉयलरवर हा खोटेपणा नको."

"दिवसभर कोळसा?" बाईंनी विचारलं.

"दिवसभर. मला आग कळते, बाई."

कचेरीच्या एका माणसाने बॅग उचलली. दुसरा जिन्याकडे वळला. सूनबाई त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि तोंडावरचा रुमाल सोडला.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमचं ऐकलंच नव्हतं. आज वर गेल्या त्या गोळ्याच."