अर्धं डोकं

एकोणीसशे एकोणसत्तर साली वादळ झालं, त्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. न्हाव्याच्या दुकानाची मागची भिंत तेवढी उभी होती. छप्पर उडालं होतं, आरशाचा चुरा झाला होता. लोखंडी खुर्ची मात्र वादळाला दाद न देता जागेवर होती. समोर न्हाव्याच्या बायकोच्या थोरल्या दिरांचा ट्रक उभा होता. त्यांनी आपल्या शहरात धाकट्या भावासाठी गोदामावर राखणदाराची नोकरी बघून ठेवली होती. गाठोडी चढली होती. सासूबाईही चढून बसल्या होत्या.

न्हाव्याची बायको चढेना. नवऱ्याला ती ओळखून होती. रिकामा बसला की त्याची बोटं हवेतच कात्रीसारखी चालायची. त्या हातात राखणदाराची काठी आली की हा माणूस आतून मिटून जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. सांगून झालं होतं, भांडून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

ती विटा तुडवत गेली आणि खुर्चीत बसली. अंबाडा सोडला. केसांत वादळाचा चिखल वाळून बसला होता.

"कापा," ती म्हणाली. "मानेपर्यंत."

"वेड लागलंय का तुला? ट्रक खोळंबलाय."

"धुवायला पाणी नाही, फणी शिरत नाही. उद्यापासून तुम्ही राखणदार. आज न्हावी आहात तोवर कापून घेते."

"काप रे बाबा," सासूबाई वरून म्हणाल्या. "ती ऐकायची नाही."

न्हाव्याने कात्री काढली. बिनआरशाचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. डावी बाजू झाली. उजवी कापताना हात चुकला, ती बोटभर आखूड झाली. डावी जुळवायला गेला, तर ती त्याहून आखूड. त्याला घाम फुटला. येणारेजाणारे थांबले.

"उजवीकडून अजून थोडे घे," पोस्टमन म्हणाला. "आरसा नसला तर नसू दे, आम्ही आहोत ना सांगायला."

लोक हसले. वादळानंतर त्या रस्त्यावर कुणी पहिल्यांदाच हसत होतं.

दिरांनी हॉर्न दाबून धरला. "अरे, चल. उरलेलं तिकडे काप."

"अर्धं डोकं टाकून न्हावी उठत नाही, दादा. आपल्या बापानेच शिकवलंय. तू हो पुढे."

बायको खुर्चीतून उठेपर्यंत पोस्टमन दाढी खाजवत पुढे सरकला होता. "आता मी. पण हिच्यापेक्षा बरं काम कर बाबा." त्याच्यामागे आणखी माणसं उभी होती. न्हाव्याने मान वर केली, रांग पाहिली आणि खुर्ची झटकली. ट्रकावरून सासूबाईंचा आवाज आला, "माझं गाठोडं उतरव रे."

दुकानाला पुन्हा छप्पर आलं. सासूबाई त्याच्याच सावलीत म्हाताऱ्या होऊन गेल्या. पोस्टमन शेवटपर्यंत तिथेच दाढी करत राहिला. दीर बरीच वर्षं रुसले, मग केस कापायला येऊ लागले. न्हाव्याच्या हाताला पुढे मोठं नाव झालं, तरी नव्या गिऱ्हाइकाला तो हमखास सांगायचा, "माझा हात एकदाच चुकला, तोही बायकोच्या डोक्यावर." बायको ऐकायची आणि झाडू मारत राहायची.

तो गेल्यावर नातीने विचारलं, "आजी, आजोबांचा हात खरंच चुकला होता?"

"छे गं," म्हातारी म्हणाली. "कात्री जवळ आली की मी मान हलवत होते."