सुट्टीवरला माणूस

कुशाबामामानं खिशातनं अडकित्ता काढला, तवा पाव्हण्यांच्या बशीतलं पोहंबी सरलं नव्हतं.

"मंग, फोडायची का सुपारी?"

सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मंग देव खाली आला तरी मोडता येत न्हाई. मामाला घाई, कारण स्थळ त्यानं आणलेलं. नवऱ्याच्या बापाला, भिमाजीशेठला घाई, कारण पोरगं गुरवारी इमानात बसणार. आन् नूतनच्या बापाला, रामदासला, सगळ्यांत जास्त घाई. त्यानं आख्ख्या शिनोलीत सांगून ठेवलं व्हतं, जावई अमेरिकेचा हाय म्हणून. पोरगं हितल्याच निमगाव सावाचं व्हतं. पण ते आता कोण बोलतंय?

पोरगं, म्हंजी सुहास, ओसरीवर खुर्चीत बसलं व्हतं. दोन हजार चारचा एप्रिल, बाहेर कुत्री जीभ काढून पडलेली, आन् ह्याच्या अंगात कोट. घाम मानंवरनं खाली चाललाय, पण कोट निघंना. त्याचा पगार मामानं डॉलरात सांगितला आन् समद्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. टोमॅटोचा आजचा भाव इचारला आसता तर एकालाबी आला नसता. डॉलरचा समद्यांना पाठ.

नूतन समोर चटईवर. डोईवर पदर, मान खाली. हीच नूतन पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरवर काम करती, हे मामानं पाव्हण्यांना सांगितलं व्हतं. भाकरी गोल करती, हे सांगून झाल्यावर.

"आन् हिच्या नोकरीचं कसं?" रामदासनं इचारलं. जरा भीतभीतच.

"सोडायची," सुहास म्हणला. "उद्याच राजीनामा. तिकडं बायकोच्या व्हिसावर काम करता येत न्हाई. कायदाच हाय तसा."

"आवो, काम करायचंच कशाला?" भिमाजीशेठ हसला. "सूनबाईनं निवांत खिडकीत बसायचं आन् बर्फ बघायचा!"

सगळी हसली. रामदास सगळ्यांत मोठ्यांदा. पोरीच्या इंजिनिअरिंगपायी त्यानं बैलजोडी इकली व्हती. आता ती इंजिनिअर बर्फ बघणार.

नूतन मान खाली घालूनच इचार करत व्हती. नोकरी गेली तर परत कोण देणार? बर्फ बघितल्याचा अनुभव कोण धरतंय?

"पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या," मामा म्हणला. हे नुसतं म्हणायचं आसतं. पोरीनं मान हालवून न्हाई म्हणायचं आसतं. शिनोलीत आजवर कुठल्या पोरीनं काय इचारल्याचं कुणाच्या ऐकण्यात न्हाई.

"तुमी तिकडं नेमकं काय करता?" नूतननं इचारलं.

मामाचा अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला.

"विमा कंपनीत हाय," सुहास म्हणला. "गाडी ठोकली, कुठं आग लागली, की लोकं पैसं मागत्यात. त्याचं सगळं काम एका प्रोग्रॅमवर चालतं. ईगल नाव त्याचं. मी एकटा सांभाळतो. माझ्याबिगर त्यातलं कुणाला ओ की ठो कळत न्हाई. म्हणून तर बिनघोर सुट्टी काढली."

"आन् काम गेलं तर?"

"तर व्हिसाबी गेला. गुंडाळायचं आन् घरी यायचं." सुहास बापाकडं बघून हसला. "पण माझं कसं जाईल?"

नूतननं मान वर केली. डोईवरला पदर घसरला. तिनं तो उचलला न्हाई.

ईगल. परवा शुक्रवारी साहेबानं तिला केबिनमधी बोलावून हेच नाव सांगितलं व्हतं. तिकडल्या सरकारनं औंदा व्हिसा कमी केल्यात, म्हणला. माणूस तिकडं न्यायचं अवघड झालंय, मंग ती विमा कंपनी कामच हिकडं धाडतीय. पगार चौथाई. तिकडं एकच माणूस हाय, त्याच्याकडनं फोनवर सगळं शिकून घे, मंग त्याला काढत्यात. त्याला अजून सांगितलेलं न्हाई, तवा गोडीत बोल. सध्या तो सुट्टीवर गेलाय, लग्न जमवायला. कंपनी लई मायाळू हाय. आधी लग्न जमू देणार, मंग सांगणार.

त्या चौथाईतबी नूतनला बढती व्हती. ती लई खूश झाली व्हती. तिला वाटलं, कुणीतरी गोरा आसंल. गोऱ्याचं काय वाईट वाटून घ्यायचं?

"झालं का इचारून?" भिमाजीशेठनं बशी खाली ठेवली. "मामा, फोडा आता."

मामानं अडकित्त्यात सुपारी धरली. नूतन उठली, पुढं गेली आन् अडकित्त्याच्या जबड्यातनं सुपारी काढून घेतली.

"आगं ये, येडी झालीस का?" रामदास वरडला. "अमेरिकेचं स्थळ हाय!"

नूतननं बापाकडं बघितलंबी न्हाई. ती सुहासशी बोलली. गोडीतच. साहेबानं तसंच सांगितलं व्हतं.

"उद्या राजीनामा न्हाई देता यायचा मला. तुमी गुरवारी जावा. पुढच्या सोमवारी तुमाला पुण्याहून फोन येईल, तो मीच करणार हाय. ईगल शिकवा मला. कंपनीनं दोन म्हयनं दिल्यात. मला शिकायला, आन् तुमाला घरी यायला."