सांडग्यांतली पानं

"ह्याला दरवर्षी कापत कोण होतं?" परीक्षकांनी विचारलं.

रघुपतीरावांच्या कपाळावर आठी चढली. बासष्ट सालची जयनगरातल्या घरगुती बागांची स्पर्धा. त्यांच्या विलोच्या विलायती झुडपाला सलग तीन वर्षं दुसरं बक्षीस मिळालं होतं. पोस्टमास्तर असताना त्यांनी ते उटीहून आणलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर धरून. बायकोला त्या खेपेला साधा रुमालही आणला नव्हता. यंदा मात्र झुडूप नुसतं उंच वाढलं होतं. खाली बोडकं, वर विरळ, आणि केशरी फांद्या मळकट तपकिरी झालेल्या.

"शेजारी एक राक्षस राहतो," ते म्हणाले. "तो कापायचा."

राक्षस म्हणजे खंडोजीराव, निवृत्त सुभेदार. दर शिवरात्रीला रघुपतीराव बायकोला घेऊन मंत्रालयाच्या मठात दर्शनाला गेले, की खंडोजीराव कोयता घेऊन मधली भिंत ओलांडत आणि झुडूप गुडघ्याएवढं करून ठेवत. पाच वर्षं हे चाललं. पाच वर्षं दोघांत शब्द नव्हता. झुडूप मात्र दरवर्षी नव्याने फुटायचं, आणि त्या दुष्टाला ते कसं पुरून उरलं हे रघुपतीराव अख्ख्या गल्लीला सांगायचे. गेल्या शिवरात्रीला कोयता पडलाच नाही. तेव्हा यंदा पहिलं बक्षीस आपलंच, असं ते धरून चालले होते.

परीक्षक हसले. "त्या राक्षसाचे पाय धरा, स्वामी. हे झुडूप वर्षातून एकदा बुडापाशी छाटलं तरच असा रंग धरतं. त्या माणसाला झाड कळतं."

बक्षीस गेलं ते गेलंच. पण दुपारी रघुपतीराव ताटावरून तसेच उठले. ज्याला पाच वर्षं शिव्या घातल्या, तो आपल्याच झाडाची सेवा करत होता. गेल्या संक्रांतीला त्याची बायको जमनाबाई वारली, तेव्हा आपण बायकोला, पद्मावतीला, एकटीलाच पाठवलं. लाज वाटली, सरळ सरळ लाज.

संध्याकाळी ते शेजारच्या फाटकातून आत गेले. खंडोजीराव व्हरांड्यात बसले होते. रघुपतीरावांनी घरून जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. आभार, माफी, झाड, परीक्षक. खंडोजीरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खोटं कशाला बोलू, रघुपतीराव," ते म्हणाले. "मरावं म्हणूनच तोडत होतो. भिंतीवरून जमनाच्या सांडग्यांत त्याची पानं पडायची. ती एकेक निवडत बसायची आणि माझ्यावर चिडायची. आता सांडगे नाहीत. पानं पडली काय, न पडली काय."

रघुपतीरावांना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी तिथे कॉफी घेतली आणि घरी येऊन पद्मावतीबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ हातातली भाजी निवडत राहिल्या.

"शिवरात्रीच्या आधी मोठा कोहळा आणा," त्या म्हणाल्या.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पद्मावतीबाई कोहळ्याच्या सांडग्यांची खाट उचलायला नवऱ्याला घेऊन खंडोजीरावांच्या अंगणात शिरल्या. खाट त्यांनी बरोबर भिंतीलगत, पलीकडून झुकलेल्या विलोच्या खाली टेकवली.

"अण्णा, आम्ही मंत्रालयाला निघालो. ओले आहेत अजून, आठ दिवस बघाल ना?"

"इथे? ह्या झिपऱ्याखाली?" खंडोजीराव वर बघत म्हणाले. "पानं पडतील अक्का."

"पडणारच की. तुम्ही आहात म्हणून तर ठेवून चाललेय."

खंडोजीरावांनी एकदा खाटेकडे बघितलं, एकदा झुडपाकडे. "सरी, ठेवा," म्हणाले.

मंत्रालयात रघुपतीराव देवापुढे हात जोडून उभे राहिले, पण सगळं लक्ष घराकडे. म्हातारा नुसता बसून राहिला तर? झाड तर गेलंच, पण माणूसही गेलाच म्हणायचा.

आठ दिवसांनी ते परतले. विलो गुडघ्याएवढा होता. भिंतीवर सांडग्यांचा डबा ठेवलेला होता, आणि त्यात एकही पान नव्हतं.