बाटलीची दृष्ट

निशिगंधा न्हाणीघरात गेली तशी सुशीलाबाईंनी मुठीत खडेमीठ घेतलं आणि बाटलीची दृष्ट काढायला बसल्या.

बाटली ती केवढी, खोकल्याच्या औषधाएवढी. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. ते लाल म्हणजे सोनं आहे असं भाचीनं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्याच. सोनं फार म्हणजे फारच बारीक केलं की पिवळं राहत नाही, उजेडात लाल दिसतं म्हणे. असेल बाई. त्यात पोरीनं कसल्याशा रंगाचा थेंब टाकलेला. लेसरचा उजेड पडला की तो रंग बोलला पाहिजे, म्हणजे मशीनच्या कागदावर उमटला पाहिजे, मग काम फत्ते. पण मेला बोलतच नव्हता. परदेशी माल यायला मोकळीक झाल्यापासून लॅबमध्ये जर्मनीची मशीन आलेली, तिच्यापुढं ही रांग. आज निशीचा शेवटचा नंबर. आजही नाही बोलला तर आजवरची मेहनत पाण्यात, नवा विषय, नवा श्रीगणेशा. लॅबमध्ये कुणी हात लावील म्हणून पोरीनं बाटली जपून घरी आणली होती.

आता बूच लावलेल्या बाटलीतून नजर बाहेर निघणार कशी? सुशीलाबाईंनी बूच काढलं. आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, लॅबातल्या समद्यांची, म्हणत मूठ फिरवली. फिरवता फिरवता मूठ सैल पडली अन् दोन-चार खडे टुपुकदिशी आत.

लाल पाणी जांभळं झालं. मग निळं.

सुशीलाबाईंनी हात जोडले. जन्मभर घराघरांत जाऊन दृष्टी काढल्या, पण नजर अशी डोळ्यांदेखत उतरताना आजच दिसत होती.

"निशे, बघ गं," ओल्या केसांनी बाहेर आलेल्या भाचीला त्या म्हणाल्या, "किती लागली होती."

निशिगंधानं बाटली उजेडाला धरली. पोरीनं हळूहळू सांगितलं, की मिठालाच तर ती इतके दिवस भीत होती, हाताचा घामसुद्धा लागू देत नव्हती. मीठ पडलं की सोन्याचे कण एकमेकांना जाऊन चिकटतात, माल खलास. सुशीलाबाईंनी हातातल्या पाटल्या ओढल्या. माझ्या पाटल्या घे, दुसरं बनव, म्हणाल्या. पाटल्यांनी भागणारं नव्हतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पोरगी ती निळी बाटलीच घेऊन निघून गेली.

दिवसभर सुशीलाबाई खिडकीशी बसून होत्या.

संध्याकाळी जिना धडधडला. निशिगंधा धापा टाकत दारात उभी.

"आत्या, बोलला."

बोलला कसला, बोंबललाच. मशीनचा काटा कागदाबाहेर गेला. लॅबच्या सरांना आधी वाटलं मशीन बिघडली. मग मिठाचं ऐकलं अन् खुर्चीत बसून हसत सुटले. म्हणाले, आपण बाटली उगाच जपत बसलो, सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

आत्याला काही उमगेना. तेव्हा निशिगंधानं दोन्ही मुठी अगदी जवळ धरल्या. हे सोन्याचे दोन कण. लांब लांब होते तोवर काही नाही. मिठानं जवळ आले, मधे एवढीशी फट राहिली. उजेड त्या फटीत शिरला की दाटतो, जोर धरतो. आणि रंगाचा कण नेमका तिथं सापडला, तर नुसता कुजबुजला तरी मशीनला ऐकू जातं.

"हौ," सुशीलाबाई म्हणाल्या, "पण नजर होतीच."

त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या गौलीगुड्याच्या अरुंद बोळात समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी देता-घेता यायची, म्हणून त्यांनी भाचीच्या अगदी कानाशी तोंड नेलं. सरांची सही होऊ दे, तोवर कुणाला बोलू नको, म्हणाल्या. आज आपण दोघीच गुपचूप खुबानीचं मीठा करू, सुक्या जर्दाळूचं गोड.

"खुबानी भिजायला रात्र जाईल हो, सुशीलाबाई," समोरच्या खिडकीतून शेजारीण चतुराबाई म्हणाली. "माझ्याकडं भिजलेली आहे. देऊ का?"