अंतराळातून आलेलं घर

शहापूर तालुका अखेर अंतराळयुगात दाखल झाला. वीज गेली होती, म्हणून तो किशोरच्या रिक्षाच्या बॅटरीवर दाखल झाला.

माधुरीबाईंनी शाळेच्या गच्चीवर अँटेना धरला. हौशी रेडिओवाल्यांचा एक चिमुकला उपग्रह डोक्यावरून जाताना मुलांनी काढलेली चित्रं पाठवतो. शिट्टीसारखा आवाज येत राहतो आणि मोबाइलवर चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटतं.

आज कौलं उमटली.

गच्ची झाडणारी भागी थांबली. "बाई, ह्या तं आमचा उंबरमाळीचा घर!"

"तुजा घर पार अंतराळात गेला काय गो?" किशोर हसला.

मग दार उमटलं. ते उघडं होतं.

"कडी मी भायरून लावली व्हती," भागी म्हणाली. "माज्या पोरीला, चिमीला ताप हाय. निजवून आले."

पुढच्या ओळींत चिमी उमटली. ती उंबऱ्यावर उभी राहून थेट वर, त्या तिघांकडे बघत होती. दारातल्या अंधारातून आलेल्या एका लांब हाताने तिचं मनगट धरलं होतं.

शिट्टी थांबली. उपग्रह माहुलीच्या डोंगराआड गेला.

"बाई, शेजारच्या सुदामला फोन लावा! तो रस्त्यावर आसला तं लागंल!"

बाईंनी लावला. पुन्हा लावला.

भागीच्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही.