नखभर हिरवं

अंगठ्यात गुलाबाचा काटा मोडल्याचं निमित्त झालं. जंतू रक्तात पसरले आणि गुलाबाची शेती करणारा सावळीराम नाशिकला आयसीयूत बेशुद्ध पडून होता. “त्याचं हृदयही ढिलं पडलंय,” सोनोग्राफीचा प्रोब छातीवर फिरवत डॉक्टर म्हणाले. “मेलंय का झोपलंय?” त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं विचारलं. “म्हणजे?” डॉक्टरांनी विचारलं. “म्हंजी बघा, छाटलेला गुलाब वाळल्यावानी दिसतो. आमी नखानं साल खरवडतो. आत हिरवं दिसलं की झाड जित्तं हाय.” “आणि नाहीच दिसलं तर?” डॉक्टरांनी विचारलं. “मंग जरा खाली खरवडायचं.” आठव्या दिवशी सावळीरामचा ताप उतरला, पण छातीवरून पडद्यावर हृदय नीट दिसेचना. डॉक्टरांनी क्षणभर ठमाबाईकडे पाहिलं, प्रोब उचलला आणि बरगड्यांच्या खाली टेकवला. तिथे हृदय आवळलं, सुटलं, पुन्हा घट्ट आवळलं. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “बघा बरं मावशी, हिरवं आहे ना?”